सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहा: घरी बनवता येणारी सुरक्षित साधनं

सूर्यग्रहण पाहायला घरच्या घरी काय बनवता येईल, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. सूर्याची प्रतिमा पाडणारं साधन बनवा. सूर्याकडे बघायचा चष्मा बनवू नका. प्रतिमा पाडायला पुठ्ठा, टाचणी आणि पांढरा कागद पुरतो. डोळ्यांसमोर धरायच्या फिल्टरला मात्र प्रयोगशाळेतली चाचणी लागते, आणि ती घरी होत नाही. म्हणून या लेखात सांगितलेल्या प्रत्येक साधनात सूर्य तुमच्या पाठीमागे असेल आणि नजर कागदावर किंवा भिंतीवर असेल.

आधी डोळ्यांविषयी

आपल्या डोळ्यात भिंग आहे. ते सूर्याचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधोमध एका बारीक ठिपक्यावर गोळा करतं. नेमकी हीच जागा आपण वाचायला आणि चेहरे ओळखायला वापरतो. तिथल्या पेशी तीव्र प्रकाशाने निकामी होऊ शकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. "मी तर दोन मिनिटं पाहिलं, मला काही झालं नाही," असं कुणी ग्रहणाच्या वेळी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. त्रास बऱ्याचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतो: नजरेच्या मध्यभागी काळपट डाग, वाचताना मधलं अक्षर न दिसणं, सरळ रेघ वाकडी दिसणं, रंग फिके वाटणं. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

ग्रहणात सूर्याचा मोठा भाग झाकला गेला की उजेड सुसह्य वाटू लागतो, आणि फसगत तिथेच होते. सूर्य ९९ टक्के झाकला गेला तरी उरलेला एक टक्का पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४,००० पट तेजस्वी असतो. त्या कोरीचा प्रत्येक बिंदू नेहमीच्या सूर्याइतकाच प्रखर असतो. शिवाय भोवतालचा उजेड कमी झाल्याने डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते.

जे वापरू नये

काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, फोटोच्या निगेटिव्ह, सीडी, जुन्या फ्लॉपीतली चकती, एकावर एक चढवलेले गॉगल, रंगीत प्लास्टिक यांतलं काहीही नको. यातून सूर्य अंधूक दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण यातून किती आत येतात हे नुसतं पाहून कळत नाही. काजळी कुठे जाड बसते, कुठे विरळ. एक्स-रेवर तर हाडांच्या आकारानुसार गडदपणा बदलत जातो.

पाण्यातलं प्रतिबिंबही सुरक्षित नाही. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी सुमारे २ टक्के प्रकाश परत फेकतं, आणि सूर्य खाली असेल तर त्याहून जास्त. ग्रहणचष्म्यासाठीच्या आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दृश्य प्रकाश जास्तीत जास्त ०.००३२ टक्के आत यायला हवा. म्हणजे पाण्यातून येणारा प्रकाश त्या मर्यादेच्या सहाशे पटींहून जास्त झाला.

या मानकाचा, खात्रीच्या उत्पादकाचा ग्रहणचष्मा तुमच्याकडे असेल तर तो जरूर वापरा. आधी मात्र दिव्यासमोर धरून तपासा. ओरखडा, टोचा किंवा घडीवर चीर दिसली तर तो टाकून द्या. वेल्डिंगची १४ नंबरची काचही चालते. १२ च्या खालची चालत नाही, आणि दोन कमी नंबरच्या काचा जोडून बेरीज करू नये.

सर्वांत साधी सुरुवात: दोन पुठ्ठे

दोन पोस्टकार्डांएवढे पुठ्ठे घ्या. एकाच्या मधोमध दोन-तीन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा न चुरगळलेला तुकडा चिकटपट्टीने ताणून बसवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर पांढराशुभ्र कागद चिकटवा. हा झाला पडदा.

आता छिद्र. सगळं यश या एका टोच्यावर आहे, म्हणून इथे घाई नको. फॉइलखाली जाड पुठ्ठा ठेवा, टाचणी अगदी उभी धरा आणि फक्त तिचं टोक आत जाईल एवढंच दाबून बोटांत हलकेच फिरवा. टाचणी आरपार घुसवली की फॉइल फाटतं आणि कडा बाहेर वळतात. मग छिद्र दिव्यासमोर धरून पाहा. ते गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. कडेला फॉइलची शेपटी लोंबत असेल तर नवा तुकडा घ्या. दुरुस्तीच्या नादात छिद्र हमखास मोठं होतं.

सूर्याकडे पाठ करून उभे राहा. छिद्राचा पुठ्ठा खांद्याच्या वर असा धरा की ऊन त्यावर सरळ पडेल. दुसऱ्या हातातला पडदा त्याच्या सावलीत आणा. सावलीच्या मध्ये एक छोटी उजळ चकती दिसेल. तो सूर्य आहे. ग्रहण सुरू झालं की त्याच चकतीचा लचका तुटलेला दिसेल.

नवख्या माणसाला सर्वांत साहजिक वाटणारी चूक म्हणजे छिद्राला डोळा लावून सूर्याकडे बघणं. छिद्र बघायला नसतं, प्रकाश आत यायला असतं. मुलांच्या हातात पुठ्ठा देण्याआधी हे सांगा, आणि त्यांच्याकडून एकदा वदवूनही घ्या.

प्रतिमा किती मोठी, छिद्र केवढं

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या जवळपास ११० पट आहे. छिद्रापलीकडेही हेच प्रमाण टिकतं. त्यामुळे छिद्र आणि पडद्यामधल्या अंतराला ११० ने भागलं की प्रतिमेचा आकार मिळतो. ३० सेंटिमीटरवर जेमतेम ३ मिलिमीटर, एक मीटरवर ९ मिलिमीटर, दीड मीटरवर सुमारे १४ मिलिमीटर. बुटांच्या खोक्यातून "काही नीट दिसलं नाही" अशी तक्रार येते ती याचमुळे. खोका नीटच असतो, लांबी कमी पडते.

प्रतिमा मोठी हवी म्हणून छिद्र मोठं करायचा मोह होतो. त्याने प्रतिमा मोठी होत नाही, फक्त उजळ आणि धूसर होते. एक मीटर अंतराला साधारण एक मिलिमीटरचं छिद्र बरोबर. तीस सेंटिमीटरला त्याच्या निम्मं.

छिद्राच्या आकाराने मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकलं होतं. टायको ब्राहेला अशा प्रतिमांत ग्रहणाच्या वेळचा चंद्र नेहमीपेक्षा लहान भरत असे. योहान्नेस केप्लरने १० जुलै १६०० रोजी ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे अशाच बारीक छिद्रातून, म्हणजे सूचिछिद्रातून, ग्रहण पाहिलं आणि त्याचा उलगडा केला. छिद्राला स्वतःची रुंदी असते. त्यामुळे सूर्याच्या उजळ भागाची कड बाहेर पसरते, आणि तेवढाच चंद्राचा काळा भाग आत ढकलला जातो. तुमच्या कागदावर ग्रहणाचा घास सांगितल्यापेक्षा लहान दिसला तर हेच कारण. छिद्र बारीक करा किंवा पडदा लांब न्या.

साधन बरोबर चालतंय का, हे ताडून पाहायची एक युक्ती मला फार आवडते. वेगळ्या पुठ्ठ्यात दोन मिलिमीटरचं मुद्दाम चौकोनी छिद्र पाडा. पडदा अगदी जवळ धरा, उजेडाचा चौकोन दिसेल. आता पडदा हळूहळू दूर न्या. चौकोनाचे कोपरे विरघळत जातात आणि दीड-दोन मीटरवर जवळजवळ गोल चकती उरते. जवळ असताना दिसत होतं ते छिद्र, आता दिसतोय तो सूर्य. मुलांना सूचिछिद्राचं तत्त्व समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्याला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, कुठल्याही उन्हाच्या दिवशी करता येतो.

खोक्याचं यंत्र

दोन पुठ्ठ्यांची अडचण अशी की भोवतालच्या उजेडात फिकी प्रतिमा हरवते. खोक्यात अंधार असतो, म्हणून तीच प्रतिमा उठून दिसते.

१. मिळेल तो सर्वांत लांब खोका घ्या. एक मीटरच्या आसपास असेल तर उत्तम. नसेल तर दोन खोक्यांची तोंडं उघडून एकमेकांत सरकवा आणि जोड चिकटपट्टीने बंद करा.

२. एका टोकाला आतून पांढरा कागद लावा. सुरकुती नको.

३. समोरच्या टोकाला खिडकी कापून तिच्यावर वर सांगितल्याप्रमाणे छिद्राचं फॉइल बसवा.

४. पडद्यापासून दहा-बारा सेंटिमीटरवर, खोक्याच्या बाजूच्या भिंतीत, डोळा लावण्यापुरती फट कापा. तिच्यातून तिरकं पाहिलं की पडदा दिसला पाहिजे आणि छिद्र मात्र दिसता कामा नये. दिसत असेल तर फटीच्या छिद्राकडच्या कडेला आतून पुठ्ठ्याचा आडोसा लावा.

५. खोका बंद करा, आत डोकावा आणि कुठून उजेड येतोय ते शोधा. कोपरे आणि जोड हमखास गळतात. तिथे काळा कागद किंवा चिकटपट्टीचे दोन थर लावा.

रोखताना सूर्याकडे बघायचं नाही, खोक्याच्या सावलीकडे बघायचं. छिद्राचं टोक सूर्याकडे करून खोका वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. सावली आखूड होत जाते, आणि ती अगदी लहान, फक्त टोकाएवढी झाली की खोका बरोबर रोखला गेला. मग आत पाहा. चकती पडद्यावर आलेली असेल. हात थरथरतो, म्हणून खोका खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला बरा. पृथ्वी फिरत असल्याने चकती हळूहळू सरकत राहते. दर दोन-तीन मिनिटांनी थोडं जुळवून घ्यावं लागेल.

अपारदर्शक कागदावर, सूर्याकडे पाठ करून पाहिलं की प्रतिमेत वरचं खाली होतं. डावं-उजवं तसंच राहतं. सूर्याच्या उजव्या-वरच्या बाजूने घास सुरू होणार असेल तर कागदावर तो उजव्या-खालच्या बाजूला शोधा.

एका वेळी दहा जणांना दाखवायचं असेल तर: आरसा

माझ्या मते घरगुती साधनांत हे सर्वांत सरस आहे, आणि तरी फार कमी लोक वापरतात. एक लहान सपाट आरसा घ्या. जाड कागदात एक सेंटिमीटरचं छिद्र पाडा आणि तो कागद आरशावर चिकटवा, म्हणजे छिद्राएवढाच आरसा उघडा राहील. आरसा उन्हात ठेवा आणि कवडसा दारातून किंवा खिडकीतून अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. अंतर दहा मीटर असेल तर भिंतीवर नऊ सेंटिमीटरचा सूर्य येतो. अख्खं कुटुंब समोर बसून पाहू शकतं, आणि कुणाचीही नजर आकाशाकडे जात नाही.

अंतर पाच मीटर असेल तर छिद्र अर्ध्या सेंटिमीटरचं करा. छिद्राच्या हजारपट अंतर ठेवलं की प्रतिमा रेखीव येते, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. आरसा स्थिर ठेवायचा म्हणजे वाळू भरलेल्या चेंडूवर तो चिकटवायचा आणि चेंडू एखाद्या वाटीत बसवायचा. मग हव्या त्या दिशेला वळवता येतो आणि तिथेच थांबतो.

आरशात कुणीही डोकावायचं नाही. त्यातला सूर्य खऱ्या सूर्याइतकाच घातक आहे. आरसा आणि भिंत यांच्यामधल्या वाटेत कुणी उभं राहणार नाही, कवडसा रस्त्यावर किंवा शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर जाणार नाही, याची जबाबदारी एका मोठ्या माणसाने घ्यावी.

काही न बनवता

स्वयंपाकघरातली चाळणी किंवा झारा उन्हात धरा. ग्रहणकाळात जमिनीवर प्रत्येक भोकाची एक चंद्रकोर उमटेल. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी-उभी ठेवली तरी मधल्या फटी पुरतात. झाडाखाली तर हे आपोआप घडतं. पानांमधल्या फटी सूचिछिद्रांचं काम करतात आणि सावलीतले सगळे कवडसे कोरींमध्ये बदलतात. प्राचीन ग्रीकांनीही हे टिपून ठेवलं आहे. एरवी झाडाखाली दिसणारे गोल कवडसे सूर्याच्याच प्रतिमा असतात. गोल म्हणून आपलं लक्ष जात नाही, इतकंच.

मुलांसाठी अजून एक. पुठ्ठ्यावर टाचणीने टोचे मारून नाव लिहा. दोन टोच्यांमध्ये निदान दीड सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर एक मीटरवर प्रतिमा एकमेकींत मिसळतात. ग्रहण सुरू झालं की नाव चंद्रकोरींनी लिहिलेलं दिसतं, आणि त्याचा फोटो फार सुंदर येतो.

दुर्बीण: जपून, आणि मोठ्यांनीच

साध्या दुर्बिणीने कागदावर मोठी, रेखीव प्रतिमा पाडता येते. सूर्यावरचे मोठे काळे डाग, म्हणजे सौरडागही दिसतात. पण हे साधन चुकीला जागा देत नाही. लहान मुलं आसपास फिरत असतील तर सरळ टाळा.

दुर्बीण तिपाईवर घट्ट बांधा. पुढच्या दोन भिंगांपैकी एक पूर्ण झाका. दुसऱ्यावर दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक असलेला पुठ्ठा लावा, म्हणजे आत जाणारी उष्णता कमी होईल. डोळ्याकडच्या बाजूपासून तीस सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा आणि दुर्बिणीची सावली बघून ती रोखा. १० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीने सुमारे अडीच सेंटिमीटरची चकती मिळते. फोकसचं चाक फिरवून कड रेखीव करा. एक-दोन मिनिटं झाली की पुढचं भिंग झाकून दुर्बीण निवू द्या, कारण आतले भाग तापून खराब होऊ शकतात. एक माणूस सतत दुर्बिणीजवळ उभा हवा. कुणी तिच्यातून पाहिलं तर क्षणात डोळा जाऊ शकतो. ग्रहणचष्मा घालूनही दुर्बिणीतून बघू नका. एकवटलेली उष्णता चष्म्याचा फिल्टर जाळते.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

ग्रहण ज्या वेळी आहे त्याच वेळी आदल्या दिवशी रंगीत तालीम करा. सूर्य तेव्हा नेमका कुठे असतो, इमारत किंवा झाड आड येतं का, आरशाचा कवडसा खोलीत पोचतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. ग्रहण सुरू झाल्यावर जागा शोधत फिरण्यात मजा नाही.

खंडग्रास अवस्था सहसा दोन-अडीच तास चालते, म्हणून सतत बघत बसायची गरज नाही. पहिला स्पर्श लहान प्रतिमेत काही मिनिटं उशिरानेच कळतो. पातळ ढग आले तर प्रतिमा फिकी होते, पण नुसत्या डोळ्यांनी बघायची ती परवानगी नव्हे. कोर अगदी बारीक होत आली की स्वतःच्या हाताची सावली पाहा. एका दिशेने ती इतकी रेखीव होते की बोटावरचे केस मोजता येतात. मोबाइलने फोटो काढायचा तर कागदावरच्या प्रतिमेचा काढा. मोबाइल सूर्यावर रोखताना नजर त्याच्या कडेवरून हटकून सूर्याकडे जाते.

खग्रास पट्ट्यात असाल तरच एक अपवाद आहे. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की त्या थोड्या वेळात करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि पाहायलाच हवा. सूचिछिद्रातून तेव्हा काही दिसत नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणात इजिप्तमधल्या लक्सरजवळ ही अवस्था सहा मिनिटांहून जास्त आहे, पण बहुतेक ग्रहणांत दोन-तीन मिनिटंच मिळतात. कडेला तेजाचा पहिला ठिपका चमकला की लगेच पुन्हा पाठ फिरवायची. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात असा सुरक्षित क्षण येतच नाही, मग सूर्य कितीही झाकलेला असो.

नोंद ठेवायची असेल तर पडद्याच्या कागदावर प्रतिमेएवढं वर्तुळ आधीच काढून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी कोरीची कड पेन्सिलने गिरवून बाजूला वेळ लिहा. आरशाच्या नऊ सेंटिमीटरच्या प्रतिमेवर हे फार छान जमतं. वर्तुळाचा व्यास आणि झाकलेल्या भागाची व्यासावरची लांबी पट्टीने मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की त्या क्षणी सूर्याच्या व्यासाचा किती भाग झाकला होता ते मिळतं. पंचांगात किंवा बातम्यांत दिलेला आकडा बहुधा ग्रहणमध्याचा असतो, तेव्हा आपल्या त्याच वेळच्या मापाशी तो ताडून पाहा. पण आकडा व्यासाचा आहे की क्षेत्रफळाचा, ते आधी बघा; निम्मा व्यास झाकला जातो तेव्हा क्षेत्रफळ साधारण ४० टक्केच झाकलेलं असतं.